काडाची भिंत आणि कलम तीन

घरात नात आली आणि माझी खोली गेली. हा बदल न्याय्य असल्याने मी हरकत नोंदवली नाही. गच्चीवर माझ्यासाठी गव्हाच्या काडाच्या दाबीव फळ्यांची खोली बांधावी, हा प्रस्ताव मीच मांडला. शेतातला कचरा, भिंत थंड, पृथ्वी सुखी. शिवाय अशा बांधकामाची नियमावली लिहिणाऱ्या समितीचा मीच अध्यक्ष होतो. तोवर माझी खाट पॅसेजमध्ये हलवण्यात आली.

माझा शाळासोबती शेती करतो. त्याने ट्रॉलीभर काड आणून टाकले. मी रीतसर नमुना तपासला.

"नापास. यात गव्हाचे दाणे आहेत. कलम तीन : भेसळ नसावी."

"अरे, गव्हाच्या काडात गहू नाही तर काय मोती सापडणार?"

"कलमात अपवाद नाही."

"मग बदल की कलम! तूच लिहिलंयस ना?"

"म्हणूनच बदलता येत नाही. हितसंबंध आड येतो. तेही कलम माझंच आहे."

पुढच्या हंगामात, केवळ मैत्रीखातर, त्याने एका तुकड्यातला गहू ओंबी धरण्याआधीच कापला आणि वाळवून आणला. स्वच्छ, एकसारखे काड. दाण्याचा मागमूस नाही. माझे डोळे पाणावले. त्याच डोळ्यांनी मी कलम चार वाचले : साहित्य हा पिकाचा टाकाऊ अवशेषच असावा. हे तर मुद्दाम पिकवलेले पीक! पुन्हा नापास.

"म्हणजे घाण असेल तर चालत नाही, आणि स्वच्छ असेल तर तो कचराच नाही?"

"तुला विषय नेमका कळला," मी कौतुकाने म्हणालो.

त्याने काड परत नेऊन गुरांपुढे टाकले. गुरांनी ते एकमताने मंजूर केले.

"अहो, पोर चालायला लागली," सौभाग्यवती म्हणाल्या. "रोज तुमच्या खाटेला धडकतेय. काय ते ठरवा एकदाचं!"

"दुरुस्ती विचाराधीन आहे."

मुलाने माझा विचार संपण्याची वाट न पाहता गवंडी बोलावला. सिमेंटची गोणी फोडताना गवंड्याने आदराने विचारले, "आजोबा, याला कुठलं कलम लागतं?"

मी नियमावली चाळली. सिमेंटला एकही कलम नव्हते. खोली आठवड्यात उभी राहिली.

दुपारी ती भट्टीसारखी तापते. आत बसून, घाम पुसत, मी काडाच्या भिंतींच्या गारव्यावर व्याख्यान लिहीत आहे. आपण याल, टाळ्याही वाजवाल आणि आपापल्या सिमेंटच्या घरी परताल. त्या भिंतींना आपण आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही, हे मी व्यासपीठावरून सांगणार नाही. श्रोत्यांचा मान राखावा लागतो.