एक बोट जादा पाणी

"पाणी चढलंय! अगं, ऐकतेस का? पाणी चढलंय!"

सकाळचे सात वाजून दोन मिनिटं झाली होती. तात्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसमोर उकिडवे बसले होते. एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात पट्टी, आणि कपाळावरची शीर टरारून फुगलेली.

"कुठे? आपल्या मजल्यापर्यंत?" काकूंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"टाकीत! लाल रेघेच्या वर एक बोट! आणि थट्टा नकोय मला सकाळी सकाळी. आधीच माझा निळा रुमाल महिनाभर सापडत नाहीये!"

तात्यांना राग आला होता, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्र सांभाळलं, सबंध शहराला स्वच्छ पाणी पाजलं, त्याच्या घरातल्या तीन फुटी टाकीतलं पाणी त्याला न विचारता वर चढतं म्हणजे काय! तुमचं-आमचं डोकंही फिरलं असतं. तात्यांचं तर तसंही दिवसातून तीनदा फिरायचंच.

मुळात ही टाकी रागातूनच जन्माला आली होती. तात्यांच्या नातीकडे, म्हणजे चिमीकडे, एक केशरी गोल्डफिश होता. त्याचं नाव तिने गाजर ठेवलं होतं. नवीन घर घेताना सूनबाईंनी ठणकावून सांगितलं की मासा या घरात येणार नाही, दोन्ही आजोबांपैकी कुणीतरी तो सांभाळावा. दुसरे आजोबा म्हणजे सूनबाईंचे वडील, तात्यांचे व्याही, नाना. हे नाना म्हणजे भलतेच गोड गृहस्थ. आवाज कधी चढवायचे नाहीत, सगळ्यांना 'हो हो' म्हणायचे, आणि नेमकं हेच तात्यांना सहन व्हायचं नाही.

चिमीने निकाल दिला होता, "गाजर जिथे राहील तिथे मी दर रविवारी येणार."

दर रविवारी! तात्यांनी तिथल्या तिथे मासा मागून घेतला. त्यावर चिमी मान वाकडी करून म्हणाली, "पण आजोबा, नाना आजोबा तर म्हणाले की ते पाणी स्वतःच्या हाताने बदलतील. तुम्हाला जमेल? मी एक महिना बघेन. गाजर आजारी पडला तर त्याला नानांकडे नेईन."

जमेल? जलशुद्धीकरणवाल्याला? तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नातीवर ओरडता येत नाही, म्हणून ते घरी येऊन काकूंवर ओरडले.

"हाताने पाणी बदलतो म्हणे! हा काय शोध झाला? मी अशी टाकी बनवतो की पाणी बदलायलाच लागणार नाही. पाणी स्वतःच स्वतःला ताजं ठेवेल!"

आणि त्यांनी ती बनवली. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता, आणि काकू ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या. टाकीचा तळ उतरता, म्हणजे घाण घरंगळत एका कोपऱ्यात जाईल. त्या कोपऱ्यात पंप. पंप पाणी वर चढवणार, वर खडी, वाळू आणि कोळशाने भरलेली पन्हळ, पन्हळीत मनीप्लांट. त्यातून गाळून निघालेलं पाणी दगडी पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पुन्हा खाली. शिवाय घरात शोभेचं काहीतरी हवं म्हणून तात्यांनी तळाशी आपल्या केंद्राची मातीची प्रतिकृती ठेवली. मनोरा, कौलं, जिना, सगळं हुबेहूब, आणि दारावर नखाएवढी पाटी: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' गाजर पहिल्याच दिवशी विनापरवाना आत शिरला.

रोज सकाळी सातला तपासणी व्हायची. टाकीच्या मागे औषधाचं पाकीट धरायचं, पुढून त्यावरची बारीक अक्षरं वाचायची, वाचता आली की वहीत 'पाणी नितळ' लिहायचं आणि सही करायची. महिनाभर पाणी नितळ होतं. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा, हाताला धरून टाकी दाखवत होते.

पण पाण्याची पातळी कळावी म्हणून काचेवर मारलेल्या लाल रेघेने घोळ घातला. पाण्याची थोडी वाफ होते, तेव्हा पातळी हळूहळू उतरायला हवी. ती उतरत तर नव्हतीच, उलट गेला आठवडाभर थोडी थोडी चढत होती. आज चिमी संध्याकाळी पाच वाजता निकाल द्यायला येणार, आणि आजच एक बोट वर!

"अठ्ठावीस वर्षांत पाणी चोरीला गेलेलं पुष्कळ पाहिलं," तात्या येरझाऱ्या घालत म्हणाले. "पाणी कुणी आणून टाकल्याचं पहिल्यांदाच बघतोय!"

काकूंच्या हातातली पळी जराशी थांबली. "जाऊ द्या ना. एका बोटाने काय होतंय? मासा खूश आहे."

"एका बोटाने काय होतंय! हिशेबाबाहेरचं पाणी म्हणजे गळती, हे शेंबडं पोरही सांगेल!" तात्यांनी वर पाहिलं. टाकीच्या बरोब्बर वर छताला एक पिवळसर डाग होता. तात्या या घरात आल्यापासून तो तिथेच होता, पण रागावलेल्या माणसाला जुनं-नवं कळत नाही. "हे बघ! वरून ठिबकतंय! तरी मला वाटलंच होतं, त्या दाताच्या डॉक्टरचं काम आहे!"

"अहो, डागाला हात लावून बघा तरी. कोरडा ठणठणीत आहे."

"आता कोरडा आहे! ठिबकून झाल्यावर कोरडाच असणार!"

तात्या पायऱ्या चढून वर गेले आणि त्यांनी दाताच्या डॉक्टरांचं दार धाडधाड वाजवलं. आठवड्यात एकच दिवस उशिरा उठायला मिळणारा तो माणूस डोळे चोळत बाहेर आला.

"तुमचं पाणी माझ्या टाकीत पडतंय!"

"माझं? कुठलं पाणी?"

"ते मी सिद्ध करणार! लोकांना चूळ भरायला लावता ते पाणी असेल!"

"तात्या, दवाखाना माझा बाजाराजवळ आहे. इथे मी राहतो. इथे मीच तेवढा चूळ भरतो, आणि ती बेसिनमध्ये टाकतो," डॉक्टर म्हणाले आणि दार लावू लागले. तात्यांनी दारात पाय घातला. मग जिन्यात जे झालं ते सगळ्या इमारतीने ऐकलं. शेवटी डॉक्टरच चिडून म्हणाले, "बोलवा प्लंबरला! छत फोडा, हवं तर! पण गळती निघाली नाही तर सगळ्यांसमोर माफी मागायची!"

"मागेन! मागेन! आणि निघाली तर तुम्ही मागायची!"

प्लंबर अकरा वाजता आला, तेव्हा डॉक्टरही खाली येऊन उभे राहिले. त्याने शिडीवर चढून डागावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, "तात्या, इथे पाण्याचा थेंब नाही. हा गिलावा जुना झालाय, बाकी काही नाही."

"तू फोड."

"बरं, फोडतो. मग टाकी तेवढी बाजूला घ्या. निदान चादर तरी टाका."

"अजिबात नाही! टाकी हलली की पुरावा हलला. थेंब पडताना मला डोळ्यांनी बघायचाय. डॉक्टर, तुम्हीही बघा!"

"अहो, मासा आहे आत!" काकू पुढे आल्या.

"तू यात नाक खुपसू नकोस! पाण्यातलं तुला काय कळतं?"

ओठ घट्ट मिटून काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. प्लंबरने छिन्नी लावली आणि हातोडा हाणला. पहिल्या घावाला काही झालं नाही, दुसऱ्याला भेग पडली, आणि तिसऱ्याला परातीएवढा गिलावा सुटला आणि धप्पकन थेट टाकीत पडला. पाण्याचा थेंब मात्र एकही पडला नाही.

टाकीतलं पाणी क्षणात पांढरंफटक झालं. मनोरा दिसेना, कौलं दिसेनात, गाजर तर कुठेच दिसेना.

"घाबरायचं काही कारण नाही," तात्या घाबरून ओरडले. "यासाठीच तर यंत्रणा आहे! पंप पूर्ण जोरात लावतो, पाच मिनिटांत नितळ!"

त्यांनी बटण पूर्ण फिरवलं. पंप घरघरला, धापा टाकल्यासारखा आवाज करू लागला आणि धबधब्याची धार बारीक होत होत थांबली. गाजर एका कोपऱ्यात वर आला, तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळू लागला. पाच वाजता चिमी येणार होती. दर रविवारी येणार होती. तात्यांनी बाही वर न करताच हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला, पंपाच्या तोंडाशी चाचपलं आणि काहीतरी बोळा झालेलं ओढून काढलं.

तो त्यांचा निळा रुमाल होता.

"माझा रुमाल! हा पंपाला कुणी बांधला?"

उत्तर द्यायला काकू तिथे नव्हत्याच. त्या बाल्कनीतून दोन भरलेल्या बादल्या घेऊन आल्या, डॉक्टरांच्या हातात एक दिली आणि चहाची मोठी गाळणी टाकीत घालून एका झटक्यात गाजरला उचलून बादलीत सोडलं. मग प्लंबरला म्हणाल्या, "ही नळी धर, पाणी मोरीत सोड. डॉक्टर, तुम्ही ते गिलाव्याचे तुकडे वेचा." दोघे निमूट कामाला लागले. तात्या ओला रुमाल धरून बघतच राहिले. बादलीत गाजर दोन गोल चकरा मारून शांत झाला.

"या बादल्या कसल्या?" तात्यांनी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता, पण त्यात दम उरला नव्हता.

"एक दिवस आधी भरून ठेवलेलं पाणी. नळाचं ताजं पाणी माशाला सोसत नाही."

"ते मला माहीत आहे! तुला कसं माहीत?"

काकूंनी पदर खोचला. महिनाभर धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "तर ऐका. दुसऱ्याच दिवशी तुमच्या पंपाने गाजरचं शेपूट ओढून धरलं. मी होते म्हणून सुटला. म्हणून रुमाल बांधला. रुमाल बांधला तर पंप घाण ओढेना, तिसऱ्या दिवशी पाण्याला वास. म्हणून रोज दुपारी तुम्ही घोरायला लागलात की तीन तांबे काढायचे नि तीन घालायचे. या आठवड्यात उकडतंय, पाणी आटेल म्हणून चार घालत होते."

डॉक्टर गालात हसले. तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा तुकडे वेचू लागले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेपूट लांब आहे म्हणून माशालाच झापलं असतं! कधी कुणाचं ऐकलंयत? आत्ता दहा मिनिटांपूर्वी काय म्हणालात मला? पाण्यातलं काय कळतं!"

प्लंबर नळीकडे एकटक बघत होता.

"आणि तीन तांबे, एक दिवस आधी, हे सगळं तुला शिकवलं कुणी?" तात्यांनी हळूच विचारलं.

काकूंनी गाळणी झटकली. "नानांनी. रोज फोन करत होते मी."

तात्या मटकन खुर्चीत बसले. रागवायला त्यांच्याकडे आणखी काही शिल्लक नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी डॉक्टरांची माफी मागितली, तीसुद्धा ओरडूनच, पण मागितली.

पाच वाजता चिमी आली ती नानांचं बोट धरून. टाकी धुऊनपुसून, इमारतीभरातून मागून आणलेल्या शिळ्या पाण्याने भरून तयार होती आणि गाजर मनोऱ्याला वळसा घालत होता. चिमीने काचेला नाक लावलं.

"गाजर जाड झालाय! आणि पाणी किती छान आहे! आजोबा, तुमच्या टाकीतलं पाणी खरंच स्वतःच ताजं राहतं?"

नाना लगेच म्हणाले, "हो हो, तर काय! तुझ्या आजोबांचा शोध आहे तो." आणि ते छताच्या भोकाकडे बघत गोड हसले. काकू दाराशी हात पुसत उभ्या होत्या.

एवढं 'हो' म्हटलं की सगळे रविवार तात्यांचे होते. ते 'हो' त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण काकूंचे ते हात बोटांच्या टोकाला पाण्याने सुरकुतले होते, महिनाभर सुरकुतत होते, आणि तात्यांना ते आज दिसत होते. त्यांना भयंकर राग आला, आणि तो कधी नव्हे तो स्वतःचाच आला.

त्यांनी नकाशा आणला, टेबलावर आपटला आणि पेन काढलं. 'पंप' या शब्दावर काट मारून ठळक अक्षरांत लिहिलं: 'आजी'.

"पाणी स्वतः ताजं राहत नाही," ते गुरकावले. "ही ठेवते. कळलं? आणि हे मी एकदाच सांगणार आहे."

काकूंनी पटकन तोंड फिरवलं आणि उगाचच पडदा सारखा केला. तात्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग नकाशाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, औषधाच्या पाकिटावर असतात त्याहून बारीक अक्षरांत त्यांनी आणखी काहीतरी खरडलं आणि त्यावर कोपर ठेवलं.

चिमीने कोपर ढकललं. डोळे बारीक करून तिने एकेक अक्षर लावत वाचलं, "तां-त्रिक... सल्ला... नाना. फक्त... फोन-वरून."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग ठरलं!" चिमीने टाळी वाजवली. "गाजर इथेच राहणार! मी दर रविवारी येणार!"

तात्यांची छाती फुगली. महिन्याभरात पहिल्यांदा कपाळावरची शीर खाली बसली.

"आणि नाना आजोबा पण येणार," चिमी पुढे म्हणाली. "नकाशात आहेत ना ते. फोनवरून कशाला? दर रविवारी, सकाळपासून."

"हो हो," नाना म्हणाले.