दादाची दहा मिनिटं

होडी मोजायची की माणूस, एवढाच प्रश्न होता. त्यात मी तोंड घातलं नसतं, तर त्या रविवारी मला निदान सगळ्यांबरोबर बसून जेवता आलं असतं.

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावरच्या क्लबात शिडाच्या पाच होड्या. रविवारच्या शर्यतीत कोण आधी पोचलं, यावर आमचं भागत नाही. चपळाच्या वेळेत दंडाची मिनिटं घालायची, मठ्ठाच्या वेळेतून सवलतीची काढायची, मग नंबर लावायचे. माझ्या ऑल्स्टनदादाला दहा मिनिटांचा दंड होता. एवढा दुसऱ्या कुणालाच नव्हता. तरी तो जिंकायचा, आणि दंड कमी करतो म्हटलं की भांडायचा.

दोन महिन्यांपूर्वी दादा गेला. झोपेत. (समुद्राला हा अपमान अजून पचलेला नाही.) होडी माझ्याकडे आली. दंडाचं काय करायचं, हे ठरवायला मर्लीनवहिनीच्या पडवीत बैठक बसली, कारण क्लबाचं घड्याळ तिच्याकडे असतं.

"सोपं आहे," कथबर्टकाका म्हणाले. होड्या तेच बांधतात आणि क्लबही तेच चालवतात. "होडी मोजली तर दंड होडीला चिकटतो. माणूस मोजला तर माणसाबरोबर जातो. माणूसच मोजू. पोराला थोडी सवलत देऊ."

सगळ्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी टेबलावर मूठ आपटली. वहिनीचा चहा काकांच्या मांडीवर गेला.

"दादाची दहा मिनिटं कुणी पुसायची नाहीत! दादा होडीतच आहे!"

काका पँट झटकत म्हणाले, "होडीत आहे? बरं. मग नियमानं होडीत माणसं दोनच. तू आणि तो. फेबियन, तू उतर रे बाबा."

फेबियन म्हणजे माझा मावसभाऊ. पुढच्या शिडाचा दोर तो सांभाळायचा. तो इतका खुशीत उतरला की मला जरा लागलंच. (माझ्याबरोबर गेलेल्याला परत येताना बहुधा पोहावं लागतं.)

"आणि जेवणाचं?" वहिनीनं विचारलं.

"मला भूक नाही."

"तुला कोण विचारतंय, ऑरिन? त्याचं म्हणतेय मी."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं ताट आधी वाढतात. त्याचं जेवून होईपर्यंत कुणी त्या ताटाला शिवत नाही. रविवारी वहिनीनं झाकलेलं ताट होडीत ठेवलं. "हात लावशील तर बघ!"

निघालो. दोन शिडं, एक सुकाणू आणि हात फक्त माझे. दादाकडून काही मदत झाली नाही. पहिल्या वळणाला मी दोर दातात धरला, दुसऱ्या वळणाला दात दुखायला लागले, आणि सँडी आयलंडच्या आड वारा पडला. बाकीच्या होड्या दिसेनाशा झाल्या. मग ताटातून वास आला.

फक्त बघायचं म्हणून झाकण उचललं. मक्याचा घट्ट घाटा, आणि त्यावर लॅम्बी, म्हणजे शंखातलं मांस, भरपूर मिरची घालून. दोन महिन्यांत घशाखाली घास धड उतरला नव्हता. त्या दिवशी कुठलाच अडकला नाही. खाताना मी रडत होतो. (मिरची फार होती.)

धक्क्याला लागलो तेव्हा बाकीच्यांचं जेवून, भांडून, पुन्हा गोड बोलणं सुरू झालं होतं. वहिनी घड्याळ घेऊन एकटीच टोकाला उभी होती.

"ताट रिकामं?"

"दादानं खाल्लं," मी म्हणालो.

"लॅम्बी?"

"बोटं चाटून."

मागून आलेले काका खोकले. वहिनी म्हणाली, "लॅम्बीनं त्याच्या अंगावर गांध्या उठायच्या. लग्न झाल्यापासून मी ते त्याला एकदाही वाढलं नाही."

हे मला माहीत होतं. लहानपणी तो सुजला होता तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

"मग ते मी कुणासाठी रांधलं असेल, गाढवा?"

तिनं कमरेला खोचलेल्या रुमालानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"म्हणजे होडीत हा एकटाच होता," काका म्हणाले. "ठरलं तर. माणूसच मोजायचा."

"आणि दहा मिनिटं?" मी कसंबसं विचारलं.

"ती त्याची आहेत. त्याच्या नावापुढेच राहतील," वहिनी म्हणाली. "तुला हवी असतील तर तुझी तू कमव."

"मग सध्या मला किती?"

तिनं घड्याळ पाहिलं, मग कलता सूर्य पाहिला, मग काकांशी काहीतरी कुजबुजली.

"आजच्या हिशेबानं तुला एवढी सवलत बसते," ती म्हणाली, "की पुढच्या रविवारी तू नांगर उचलायला विसरलास, तरी तिसरा येशील. आता ते ताट घासून आण."