अल्याडचे का पल्याडचे?

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक खुर्ची कायम दक्षिणेकडे तोंड करून असायची. हेडमास्तरांचं टेबल उत्तरेला. म्हणजे त्या खुर्चीवर बसणाऱ्याची पाठ सदोदित हेडमास्तरांकडे. "बाबाराव, जरा इकडं वळून बसा की," असं हेडमास्तर वर्षातून चारदा तरी म्हणत. बाबाराव मान तेवढी वळवत आणि म्हणत, "साहेब, तुमच्याकडं पाठ केली तर तुम्ही लई झालं तर रागवाल. गंगेकडं केली तर मी कुठं जाऊ?"

गंगा म्हणजे गोदावरी. तिच्या काठचे लोक तिला गंगाच म्हणतात. जालन्याहून ती दिवसभराच्या वाटेवर, पण बाबारावांना ती खिडकीबाहेर वाहत असल्यासारखी वाटे. झोपतानाही उशी दक्षिणेला. तिकडे पाय करायचे नाहीत.

निजामी राजवट जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा मी जुन्या जालन्यातल्या त्या शाळेत गणित शिकवायला रुजू झालो. पहिल्याच दिवशी धोतर, काळा कोट आणि काळी टोपी घातलेले हे गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. नाव नाही, गाव नाही, थेट विचारलं, "अल्याडचे का पल्याडचे?"

"कशाच्या?" मी गोंधळून म्हणालो.

"आता कशाच्या! गंगेच्या."

मी खानदेशातला, तापीकाठचा. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "तापी? ती तर पश्चिमेला वाहती." थोडा विचार करून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच. तुमचा काय कसूर त्यात." त्या दिवसापासून मी त्यांचा 'तापीवाले' झालो आणि माझा कसूर पोटात घालून त्यांनी मला शेजारची खोली मिळवून दिली. स्वतः ते एकटेच राहत. लग्न केलेलं नव्हतं.

बाबाराव इतिहास शिकवत. म्हणजे गोदावरी शिकवत. पुस्तकात काहीही असो, तास शेवटी गंगेला जाऊन मिळे. एकदा इन्स्पेक्टरांनी वर्गात येऊन विचारलं, "युरोपातले दर्यावर्दी हिंदुस्थानची वाट कशासाठी शोधत होते?" पहिल्या बाकावरचा पोरगा ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "पैठणचं लुगडं आणायला, सर." हेडमास्तर लालेलाल झाले. मागून बाबारावांचा आवाज आला, "बराबर!"

हसण्यावारी नेण्यासारखाच माणूस. पण हसून झालं की मला वाटायचं, ह्याचं म्हणणं काही अगदीच टाकाऊ नाही. अकरा वह्या भरून ते गंगेचा इतिहास लिहीत होते. संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता मला ऐकवत. "हे बघा तापीवाले, जिथं पान्याला उतार, तिथून लष्कर गेलं. जिथं घाट, तिथं संत बसले. जिथं डोह, तिथं भुताच्या गोष्टी झाल्या. राजे आले, गेले. सुलतान आले, गेले. निजाम बी गेला. काळी माती अन् पानी जागच्या जागी हाय." जालन्यातून वाहणारी कुंडलिकासुद्धा त्यांनी सोडली नव्हती. "कुंडलिका दुधनेला जाती, दुधना पूर्णेला, पूर्णा गंगेला. मंग जालना कोणाचं झालं?"

जालना गंगेचं झालं, असं म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे.

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत मात्र सोयरिकींचा होता. "लोक म्हणतात नदी मुलूख तोडती. बिलकुल न्हाई! अल्याडच्या पोरी पल्याड देतात, पल्याडच्या अल्याड आणतात. पोरीसंगं जात्यावरच्या ओव्या जातात, भाकरीची रीत जाती, बोली जाती. दोन्ही काठांची बोली एक का? तर दोन्हीकडच्या आया एकमेकींच्या गावच्या." मला हे फार आवडलं. ह्यावरचं प्रकरण वाचायला द्या म्हणालो, तर त्यांनी सातवी वही काढली, लगेच मिटली आणि "ते अजून लिहून राह्यलो," म्हणाले. पुढे एकदा ते अंघोळीला गेले असताना मी चोरून ती वही उघडली. 'दोन्ही काठांच्या सोयरिकी' असं वळणदार अक्षरात मथळा होता. खाली चाळीस कोरी पानं.

त्यांची आणखी एक खोड मला उशिरा उमगली. बाजारात भेटेल त्याला ते "अल्याडचे का पल्याडचे?" विचारत. अल्याडचा निघाला तर रामराम करून पुढे. पल्याडचा निघाला तर त्याला दंडाला धरून हॉटेलात नेत, चहा पाजत, भजी खाऊ घालत आणि पाऊस, पिकं, नाव चालू आहे की बंद, असलं काहीबाही विचारत बसत. मला वाटायचं, इतिहासाची सामग्री गोळा करताहेत.

श्रावणातल्या एका शनिवारी धान्याच्या मोंढ्यात त्यांना असाच एक म्हातारा शेतकरी सापडला. मी बरोबर होतो. हा थेट बोरथडीचा, म्हणजे नदीच्या ऐन पल्याडच्या काठावरचा. पाऊस विचारून झाला, पिकं विचारून झाली, मग बाबाराव बशीकडे बघत म्हणाले, "तुमच्या गावात राधाबाई हाय एक. विधवा बाई. बरी हाय का?"

"राधाक्का? बरी हाय की. आता पंचमी आली, घाटावर जाऊन बसंल."

"घाटावर? कशाला?"

"भावाचा उपास धरती ना. आदल्या दिसापासून पोटात काही न्हाई. पंचमीला लाह्याची पुरचुंडी घेऊन घाटावर बसती. भाऊ आला की सोडीन म्हणती. दिवस मावळला की लाह्या गंगंत सोडती अन् घरला येती. सात-आठ साल झाले. आम्ही समजावतो, आक्का, तो काय येत न्हाई. ऐकती कुठं?"

बाबारावांचा चहा बशीतच राहिला. घरी येऊन ते आपल्या ओसरीवर बसले आणि भिंतीकडे बघत सांगू लागले.

राधाक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच त्यांना वाढवलं. निजामी राजवट जायच्या आधीचा तो गडबडीचा श्रावण. रस्त्यांचा भरवसा नव्हता. मेहुणे नुकतेच वारले होते आणि बाबारावांनी निरोप धाडला होता, 'पंचमीला घाटावर ये, तुला माहेरी न्यायला येतो.' ते निघाले, गंगेच्या अलीकडच्या आष्टीपर्यंत पोचले. तिथं लोक म्हणाले, पुढं जाऊ नका, गंगेकाठी धोका आहे.

"मी माघारी फिरलो, तापीवाले. भ्यालो. ती तीन दिवस घाटावर बसून होती, असं मागून कळलं. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

मला त्यांचा रागही आला आणि गलबलूनही आलं. अकरा वह्या लिहिणारा हा माणूस सात-आठ वर्षांत नदीवर एकदाही गेला नव्हता. मी म्हणालो, "तोंड कोणतं न्यायचं ते तिथं गेल्यावर ठरवू. पंचमी मंगळवारी आहे."

सोमवारी आगगाडीनं परतूर, तिथून बैलगाडीनं आष्टीला मुक्काम. सकाळी आष्टीची वेस ओलांडताना बाबाराव थांबले. "नाव बंद असंल. पूर असंल," म्हणाले. पण त्या साली पावसानं ओढ दिली होती. पूर नव्हता, नाव चालू होती. गंगेनं त्यांना सबबच ठेवली नव्हती.

नदी दिसली. मला वाटलं, आता सातवाहनांपासून सुरुवात होणार. ते मात्र नावेत धोतराचा सोगा मुठीत धरून बसले, मधूनच नावाड्याला म्हणाले, "जल्दी कशाला, हळू चल." नावाडी हसला.

पल्याडच्या घाटावर उंबराखाली एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. मांडीवर पुरचुंडी. नाव टेकली तशी ती उठून उभी राहिली. बाबाराव पाण्यात उतरले, चार पावलं चालले आणि तिच्यापुढं जाऊन थांबले.

"आक्का, त्या साली मी आष्टीपर्यंत आल्तो ग. तिथून मी..."

"बाबू, पंचमी आज हाय ना?"

"हाय."

"मंग बराबर आलास. हात कर पुढं, लाह्या घे. मला उपास सोडायचाय."

बाबारावांनी दोन्ही हात पुढं केले. मी नावेतच बसून होतो. तिथून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हलणारे खांदे तेवढे दिसत होते. गंगेकडं त्यांची पाठ होती, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.