ओतोशींच्या डोक्यावरचा ढग

भाड्याच्या घरात छताला कागद चिकटवायचा तर परवानगी घ्यावी लागते का, याविषयी जर्मनीतही मतभेद आहेत. कुमुदिनीने मात्र ती मागितली. चातुर्मास चालू होता, आणि चातुर्मासात काही लपवायचं नाही हा तिचा नेम होता.

"पण तुला विचारलं होतं कुणी?" हेमचंद्र म्हणाला.

"अहो, विचारल्यावर तर सगळेच खरं सांगतात."

झालं होतं ते असं. दोन हजार सहाची गोष्ट. ड्युसेलडॉर्फच्या त्या इमारतीत फुटबॉल वर्ल्ड कपचे झेंडे अजून गॅलऱ्यांतून उतरले नव्हते, आणि शेजारच्या होशिनोबाईंना आईच्या आजारपणासाठी तातडीने ओसाकाला जावं लागलं. जाताना त्या आपला देव कुमुदिनीकडे ठेवून गेल्या. लाकडी फळी, तीवर इवलंसं देऊळ, आत ओतोशी.

हे ओतोशी धान्याचे आणि नव्या वर्षाचे देव. नाव फारसं गाजलेलं नाही, पण घर भरलेलं. बायका एकीहून जास्त, पोराबाळांचं तर लेंढारच. त्यांतला एक मुलगा आणि एक मुलगी चुलीचे देव, एक अंगणाचा, एक डोंगराचा. एकत्र कुटुंब आहे म्हटल्यावर कुमुदिनीला माहेरचं कुणी उतरायला आल्यासारखं वाटलं. रोज तांदूळ, मीठ, पाणी ठेवायचं आणि दोन टाळ्या वाजवायच्या.

"एवढंच? बिचारे फारच सोशिक," ती म्हणाली.

"एकच सांगते, कुमुदिनीसान," होशिनोबाई म्हणाल्या. "त्यांच्या डोक्यावर कुणाचा पाय नको. क्षणभरसुद्धा."

आता वरच्या मजल्यावर हेर (म्हणजे श्रीयुत) लोमान राहायचा. माणूस भला, पण पाय भक्कम. त्यावर होशिनोबाईंकडे त्यांच्या रीतीचा उपाय होता. एका कागदावर 'ढग' असं त्यांच्या लिपीत लिहून त्यांनी दिलं. तो कागद देवाच्या वर छताला लावला की वर मजला उरत नाही, आकाश असतं. कुमुदिनीने फळीला हात लावून शब्द दिला.

इमारतीचं व्यवस्थापन बघणारे हेर क्रोगर शिडी घेऊन आले. त्यांनी कागद नीट पाहिला, कारण समजून घेतलं आणि हसले नाहीत. "आल्झो, तर मग मंजूर. आपल्या छतावर ढग आहे, अशी नोंद करतो. संबंधितांना कळवावं लागेल."

संबंधित म्हणजे लोमान.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी इमारत सक्तीने शांत असते त्या मिटागस्रूहच्या वेळी, वरून ट्यूबा वाजू लागला. लोमान कार्निव्हलच्या बँडमध्ये होता. कुमुदिनीने क्रोगरना फोन केला.

"आवाज कुठून येतो?"

"वरून."

"आपल्या वर काय आहे?"

कुमुदिनीने छताकडे पाहिलं. लोमान म्हणावं तर त्याचे पाय थेट ओतोशींच्या डोक्यावर. "ढग," ती हळूच म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. गडगडाटाला मिटागस्रूह लागू नाही."

पुढच्या आठवड्यात लोमानच्या वॉशिंग मशीनचा पाइप फुटला. पाणी झिरपत झिरपत नेमकं देवळाच्या कौलावर. क्रोगर आले, खाली उभे राहिले, तळहातावर थेंब घेतला.

"पाऊस," ते म्हणाले.

"हेर क्रोगर, साबणाचा वास येतोय!"

"आजकाल हवामान बिघडलंय. पावसासाठी मी प्लंबर पाठवू शकत नाही. आपण कागद काढा. वर पुन्हा मजला आला की तासाभरात पाइप दुरुस्त."

"अगं, काढ की पाच मिनिटं," हेमचंद्र म्हणाला. "प्लंबर गेला की लाव परत. देवाला जर्मनीतले नियम थोडेच कळतात?"

"अहो, लेकीसुनांसकट बसलेत ते. त्यांच्या डोक्यावर लोमानला उभा करू? आणि शब्द दिलाय मी."

हेमचंद्रने निमूट मोठी छत्री आणली, क्लॅम्पने फळीला बसवली, तिच्या टोकाला नळी लावून पाणी बादलीत सोडलं. मेकॅनिकल इंजिनियर नवऱ्याचा संसारात झालेला हा पहिलाच उपयोग. कुमुदिनी रोज सकाळी छत्रीखाली तांदूळ ठेवी आणि टाळ्या वाजवी. लोमान जिन्यात भेटला की अदबीने हवामान सांगे: "फ्राउ कुमुदिनी, आज चादरी धुवायच्यात. संध्याकाळी जोरदार सरी."

कार्तिकात होशिनोबाई परतल्या. छत्रीखाली कोरडंठक्क देऊळ पाहून त्या कमरेत वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. डोळे पुसत त्यांनी देवाला सहकुटुंब घरी नेलं. कुमुदिनीने कागद उतरवला. तासाभरात प्लंबर आला, आणि मिटागस्रूहमध्ये ट्यूबा गप्प झाला.

शेवटची सही घ्यायला क्रोगर आले. "प्रकरण बंद करण्यापूर्वी फक्त पूर्ततेसाठी विचारतो. घरात आणखी देव आहेत?"

चातुर्मास संपायला दोन दिवस होते. "आहेत. आमचे. स्वयंपाकघरात, कोनाड्यात."

क्रोगरना इमारतीचा नकाशा पाठ होता. त्यांनी कोनाड्यासमोर उभं राहून वर पाहिलं. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. ताजी फुलं, तेवती समई.

"वर थेट हेर लोमान यांचं टॉयलेट."

हेमचंद्रने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. कुमुदिनीच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. ड्युसेलडॉर्फला आल्यापासून ती रोज इथे हात जोडत होती.

"दुसरा ढग मंजूर करू?" क्रोगरनी पेन उघडलं. "मात्र मग वरून जे काही गळेल, तो पाऊस."

कुमुदिनीने वर पाहिलं, देवांकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आमचे देव समजून घेतात."

त्या संध्याकाळी तिने पुण्याच्या जावेला, चारुलताला, फोन करून सहज विचारलं. चारुलता सात मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. "आमच्या देव्हाऱ्याच्या वर? थांब हं, वरच्यांचं ते..." आणि एकदम म्हणाली, "अगं, दूध उतू जातंय, ठेवते."

तुमचीही मान वर गेलीच असेल. असू द्या. वाचून झालं की निरांजन लावा. आपले देव समजून घेतात.