बाळकाकांचं छत

आमच्या शेजारचे बाळकाका ढवळे छत पसंत करायला त्यावर आडवे व्हायचे. गादी घेताना माणूस आडवा होतो, हे मी समजू शकते. पण बाळकाका अंगणात डांबरी ताव, पत्रा, रबराची चादर असं एकेक पसरायचे, बनियनवर त्यावर पाठ टेकायचे, हात दोन्हीकडे पसरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पहिल्यांदा भिंतीवरून हे पाहिलं तेव्हा मी घाबरून आमच्या यांना हाक मारली होती.

"काका, बरं वाटत नाही का?" मी ओरडले.

"बिलकुल ठीक आहे. छत पाहून राहिलोय," बाळकाका डोळे न उघडता म्हणाले.

लष्कर भागात, नया बाज़ारच्या मागच्या गल्लीत आमची आणि त्यांची भिंतीला भिंत. बाळकाका बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. घरात ते आणि सुधाकाकू अशी दोनच माणसं. घर उभंच्या उभं, जिना अरुंद आणि असा खडा की वरच्या मजल्यावरच्या खोल्या आता कबुतरांच्याच उपयोगाच्या राहिल्या आहेत. असं असताना काकांनी होळीनंतर मागच्या बागेत, पेरूच्या झाडाशेजारी, आणखी एक खोली बांधायला काढली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बगीच्यात एक खोली पाहिजेच."

भिंती भराभर उठल्या. गाडी अडली ती छतावर. सपाट छत घालायचं एवढं ठरलेलं होतं, पण वरून काय घालायचं हे ठरेना. आणि नौतपा लागायच्या आत, म्हणजे आमच्याकडे उन्हाचे जे सगळ्यात जहाल नऊ दिवस असतात ते सुरू व्हायच्या आत, छत तयार झालंच पाहिजे असा काकांचा हट्ट होता. काकांची झोप उडाली होती. जेवतानासुद्धा ते पोळीच्या कडेने ताटात उतार काढून आमटी कुठे वाहते ते बघतात, असं काकूंनीच मला सांगितलं.

"काका, सरळ पत्रा टाकून द्या. झंझटच नको," आमचे हे म्हणाले.

"पत्रा?" काकांनी यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे चहा अर्धा टाकून उठले. "दुपारी त्याच्यावर पापड भाजून घे तू. आणि वानरांची टोळी आली की काय होईल? पाठ टेकून बघ जरा. पाठ खोटं बोलत नाही."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुकानदार खोटं बोलतो, जाहिरात खोटं बोलते, कधी कधी इंजिनियरही बोलतो, पण पाठ खोटं बोलत नाही.

डांबरी तावाची परीक्षा भर चैत्रातल्या दुपारी झाली. काका उठले, बनियन उठेना. शेवटी काका बनियनमधून बाहेर आले आणि ते तिथेच राहिलं. नई सडकेवरच्या एका दुकानात तर त्यांनी रबराची चादर फरशीवर पसरायला लावली आणि गिऱ्हाइकांच्या देखत तिच्यावर आडवे झाले.

"भाईसाहब, ये गद्दा नहीं है, छत पे बिछता है," दुकानदार काकुळतीला आला.

"मालूम है. इसीलिए तो लेटा हूँ," काका म्हणाले. मी शेजारच्या दुकानातल्या बादल्या बघण्यात गढून गेल्याचं दाखवलं.

रबर टिकाऊ आहे, पाणी अडवतं, हे त्यांनी मान्य केलं. पण वरून नको, खालच्या थरात चालेल. पांढऱ्या फुटक्या टाइल्स उन्हात थंड राहतात म्हणून मिस्त्रीने त्या सुचवल्या. काकांनी त्यावर बादली ओतली, अनवाणी चालून पाहिलं आणि नकार दिला. ओल्या झाल्या की पाय घसरतो म्हणे. आता छतावर फिरायला कोण जाणार होतं? पण काकांशी वाद घालायचा म्हणजे आपणच आपली संध्याकाळ घालवायची.

"रोज छिडकाव होणार छतावर. पाणी मुरलं नाही पाहिजे, पाय सरकला नाही पाहिजे, आणि सूरज बुडाला की घडीभरात थंड झालं पाहिजे," त्यांनी मिस्त्रीला बजावलं.

सुधाकाकू या सगळ्याकडे मागच्या ओट्यावरून बघायच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग तळमजल्यापुरतंच उरलं होतं. दोन उन्हाळे त्या खालच्या खोलीत कूलरसमोर झोपत होत्या. "मेला रात्रभर घरघरतो. आणि डोळे उघडले की वर पंखा," एवढीच त्यांची तक्रार. काकांच्या छताविषयी विचारलं की हसून म्हणायच्या, "करू दे ग त्यांना. रिकामे बसले तर मला स्वयंपाक शिकवतील."

खरा घोटाळा पुढेच लक्षात आला. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारी इमारतींची मापं काढली, त्याच्या स्वतःच्या खोलीची उंची चुकली. दार तर इतकं ठेंगणं की मिस्त्रीच कळवळून म्हणाला, "साहब, सिर लगेगा."

"लगने दो," काका म्हणाले.

बाहेरून छतावर जायला पायऱ्या केल्या, त्याही अजब. एकेक पायरी हातभर रुंद आणि चढ जेमतेम विटेएवढा. शेजारी पक्का कठडा. गल्लीतले लोक म्हणाले, बाळ ढवळे म्हातारपणी चळले. मीही त्यात हसून घेतलं.

शेवटी छत ठरलं. स्लॅबवर रबराचा थर, त्यावर उताराचा कोबा आणि सगळ्यात वर आमच्याच भागातल्या दगडाच्या खडबडीत फरश्या, सांधे घट्ट भरलेल्या. काकांनी चारी कोपऱ्यांत पाठ टेकून पाहिली आणि नौतपा लागायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीला पेढे दिले. गल्लीला चहाला बोलावलं. आमच्या ह्यांच्यासकट प्रत्येक उंच माणसाने दारात कपाळमोक्ष करून घेतला. काकांना त्याचं काही सुखदुःख नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, मी काकूंचा डबा परत द्यायला मागच्या दाराने गेले आणि पेरूखालीच थांबले. छतावर नुकताच छिडकाव झाला होता. तापलेल्या दगडावर पाणी पडल्याचा वास बागभर होता. पायऱ्यांवर काकूंचा एक हात कठड्यावर होता, दुसरा काकांच्या खांद्यावर. त्या ठेंगण्या पायऱ्या त्या एकेक करून चढत होत्या, मध्ये थांबत होत्या, आणि त्या थांबल्या की काकाही त्याच पायरीवर थांबत होते.

खोली इतकी बुटकी का, ते मला तेव्हा कळलं. खोली जितकी उंच, तितक्या पायऱ्या जास्त.

काकांनी मला पाहिलं. थोडे ओशाळले. "लग्न होऊन आली तेव्हापासून उन्हाळ्यात छतावरच झोपायची ती," ते हळूच म्हणाले. "खोली कोणाला पाहिजे होती? छत हवेत उभं नाही ना राहत, म्हणून खाली खोली."

इतके दिवस मी या माणसाला हसत होते, आणि आता डबा कुठे ठेवावा तेही सुचेना.

मी अर्ध्या पायऱ्या चढून गेले. वर काकू सतरंजीवर हळूहळू आडव्या झाल्या. आकाशात एकदोन तारे उगवले होते. त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"पाठ काय म्हणते?" काकांनी विचारलं. एवढ्या दुकानदारांना घाम फोडणारा माणूस सतरंजीच्या कडेला वाकून उत्तराची वाट बघत होता.

काकूंनी पदराने डोळे पुसले. "पाठ म्हणते, उशी आणा."

काका लगबगीने खाली उतरले. उशा नव्या खोलीतच ठेवल्या होत्या. दारात जोराचा आवाज झाला.

"अहो, लागलं का?" वरून काकूंनी विचारलं.

"लागू दे!" आतून काकांचा आवाज आला. इतकं खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.