पिटुकचा एप्रन

यंदा शेळ्यांचं वर्षाचं नियोजन करायचं असं मी ठरवलं, आणि तिथूनच बिघडायला सुरुवात झाली. आतापर्यंत आमच्या आठ शेळ्या मनाला येईल तेव्हा गाभण राहायच्या, मनाला येईल तेव्हा व्यायच्या, आणि मी बादली घेऊन मागे मागे धावायची. पण यंदा चीजवाल्या बाई घरी आल्या. त्यांनी दूध चाखलं, गोठा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की रोज दूध घेईन, कमीजास्त चालेल, पण वर्षात एक दिवस जरी खंड पडला तरी दुसरीकडे जाईन. असं गिऱ्हाईक आमच्या दारात पहिल्यांदाच आलं होतं. मी उभ्या उभ्या शब्द दिला. (माझा आवाज जरा मोठा लागतो, त्यामुळे तो आजूबाजूच्या चार घरांनाही दिला गेला.)

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण शेळी पाच महिन्यांनी विते आणि त्यातले शेवटचे दोन महिने तिचं दूध बंद करून तिला आटवावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. सगळ्या एकदम गाभण राहिल्या तर दोन महिने बादली पालथी. म्हणून मी जुन्या कपाटाचं दार भिंतीला टेकवलं आणि त्यावर खडूने लिहिलं: चार शेळ्या आत्ता बोकडाकडे, मागच्या गोठ्यात. तीन शेळ्या सहा महिन्यांनी, तोवर पुढच्या गोठ्यात. सासूबाई, विकणे.

सासूबाई म्हणजे आमची सगळ्यात थोरली शेळी. भरल्या बादलीत पाय घालते आणि वर माझ्याकडेच बघते, जणू बादली मी तिथे ठेवलीच का. (खऱ्या सासूबाईंना जाऊन वर्षं झाली, पण ही नजर मी कुठेही ओळखेन.)

आमचे हे शिंपी आहेत. गिऱ्हाइकाचं सुटलेलं पोट बघावं तसे ते त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "पिटुकचं काय?"

पिटुक आमचं तीन महिन्यांचं करडू. तिळ्यांतलं शेवटचं. आईचं दूध त्याला पुरेना, म्हणून मी चुलीशेजारी खोक्यात ठेवून बाटलीने वाढवलं. ते पुढच्या गोठ्यात मावश्यांबरोबर राहणार, हे काय दारावर लिहायचं?

"दूधपितं लेकरू आहे ते," मी म्हटलं. "लाज नाही वाटत तुम्हाला?"

"मला वाटते," हे म्हणाले. "त्याचं माहीत नाही."

मग ह्यांनी बोकडाला एप्रन शिवला. पोटाखाली जाड कापड बांधलं की बोकड शेळ्यांजवळ गेला तरी त्याचं काही चालत नाही. मेणकापडाचं अस्तर, दुहेरी शिलाई, चार बंद. लग्नातला कोट सुद्धा ह्यांनी इतक्या मनापासून शिवला नसेल. उरलेल्या तुकड्यात एक वीतभर छोटा एप्रनही करून ठेवला. मी तो हसत हसत स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला आणि गरम भांडी उतरवायला वापरायला लागले. कापड खरंच चांगलं होतं.

बोकडाचं महिनाभराचं काम झालं. मग त्याला एप्रन घातला, दाव्याने बांधला, मधल्या फाटकाला साखळी घातली, आणि मी स्वतः काठी घेऊन फाटकापाशी ठाण मांडलं. निवडणं-टिपणं सगळं तिथेच. बोकडाने नुसती मान वर केली तरी त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. माझ्या पाठीमागे पुढच्या गोठ्यात पिटुक मावश्यांच्या अंगाखांद्यावर उड्या मारायचा. शेजारीण आली की मी कौतुकाने दाखवायची, बघा, किती लळा आहे त्याला सगळ्यांचा. ती बघायची आणि घाईघाईने घरी जायची.

तीन महिन्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. मागच्या चारही गाभण. माझी मान ताठ. जाता जाता त्यांनी सहज पुढच्या शेळ्यांच्या पोटालाही यंत्र लावलं. एक दोन महिन्यांची, एक दीड, एक जेमतेम महिन्याची. तिन्ही गाभण. अजून विकल्या न गेलेल्या सासूबाई तेवढ्या मोकळ्या. त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नसणार.

बोकड कुठे असतो, त्यांनी विचारलं. मी काठीने दाखवला. बांधलेला, एप्रनमधला, बिचारा. तेवढ्यात पिटुक माझ्या मागून आला, एका शेळीला हुंगलं, आणि वरचा ओठ मुडपून आभाळाकडे तोंड केलं. हे फक्त वयात आलेला बोकड करतो.

"आणि हे कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे आमचं बाळ," मी म्हटलं. त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली.

त्या गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. शब्द गेला, गिऱ्हाईक गेलं, चार घरांत तोंड दाखवायची सोय गेली. हे मात्र मशीन बंद करून उठले, खडू घेतला आणि दारावर प्रत्येक शेळीची एकेक पट्टी ओढायला लागले, कधी आटणार, कधी विणार. एक आटली तरी दुसरीचं दूध चालू राहत होतं. आणि शेवटची आटते तोवर मागच्या चौघी व्यायलेल्या. मध्ये फक्त आठ-दहा दिवस अडचणीचे, कारण व्यायल्यावरचा पहिला चीक करडांचा. त्या दिवसांत दूध देणार एकट्या सासूबाई. मी पदराने "विकणे" पुसलं आणि त्यांना खुराक द्यायला गेले. त्यांनी तो खाल्ला आणि माझ्याकडे तसंच बघितलं. मी आणखी एक मूठ घातली.

दहा दिवस निभावले. लोटाभर का होईना, रोज दूध गेलं. चीजवाल्या बाई करडं बघायला आल्या तेव्हा त्यांची नजर त्या दारावर पडली. इतकं बारीक नियोजन त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं म्हणे, एकामागोमाग एक, कुठे खंड नाही. पुढच्या वर्षाचं दूधही आत्ताच ठरवून गेल्या. कुणी केलं हे, म्हणाल्या. घरातल्या घरातच करतो आम्ही, मी म्हटलं. पिटुक माझा पदर चघळत उभा होता.

बाई फाटकाबाहेर पडताच मी खिळ्यावरून छोटा एप्रन काढला, पिटुकला दोन गुडघ्यांत धरलं आणि बांधायला बसले. कितीही ओढले तरी बंदांना बंद लागेनात. शेवटी ह्यांना हाक मारली, म्हटलं असला कसला शिवलाय, माप तरी घ्यायचं होतं नीट.

ह्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"घेतलं होतं. दूधपित्या लेकराचं."