वोत्रुबांचा टपाली डाव

वोत्रुबांना जेवायला बोलावणं म्हणजे डोक्याला ताप. खालच्या मजल्यावरचे हे चेक गृहस्थ दारातच पाय बदलत जर्मनमध्ये सुरू करायचे, "आल्झो, फ्राऊ कुलकर्णी, भात केलात तर येतो. पोळ्या केल्यात तर चीज आणतो. भाजी तिखट असली तर लवकर निघतो. वाईट वाटलं, तर आत्ताच सॉरी." माझा अजून कांदासुद्धा चिरून झालेला नसे!

ही खोड बुद्धिबळाची, तेही टपालाने खेळायच्या. पोस्टकार्डावर एक चाल आकड्यांत लिहायची आणि उत्तराची वाट बघायची. वेळ वाचावा म्हणून 'तू हे केलंस तर मी ते' असं आधीच कळवून टाकायची पद्धत. वोत्रुबांनी ती संसारालाच लावली होती. अर्थात संसार एकट्याचाच.

प्रागहून इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आले, रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले. घरात पट मांडलेले. एक तर इस्त्रीच्या टेबलावर, त्यामुळे शर्ट कायम चुरगळलेला. तिरपा चालणारा त्यांचा 'लाउफर' आमच्याकडे उंट असतो, हे ऐकून माणूस दिवसभर हसत होता.

पुढे सगळे खेळाडू ईमेलवर गेले. वोत्रुबांचा टपालाचा एकच डाव उरला, पोर्तुगालच्या दुआर्ते नावाच्या म्हाताऱ्याशी. तो डाव जिंकला की वोत्रुबांना मास्टर ही पदवी मिळणार होती. आणि नेमकं दुआर्तेचं कार्ड येईना. टपालवाली दिसली की वोत्रुबा खाली, रिकाम्या हाताने वर, पुन्हा खाली. मलाही घोर लागला. कामावरून आले की आधी त्यांच्याच पेटीत डोकवायची.

मुदत टळली, आठवणीच्या कार्डालाही उत्तर नाही, तर टपाली बुद्धिबळाच्या संघाला कळवायचं आणि डाव आपला, असा साधा नियम. शेवटी मी भडकले. "अहो, कळवून टाका ना! जन्मभर ज्यासाठी धडपडलात ते हातात आलंय, आणि तुम्ही जिने कसले झिजवताय?"

वोत्रुबा खुर्चीत बसले. त्यांना इतकं स्वस्थ मी कधी पाहिलं नव्हतं.

"कळवलं की संघ त्याच्या घरी चौकशी करणार," ते म्हणाले. "मग घरचं कोणीतरी खरं काय ते लिहील."

"मग तुम्हीच अजून एक कार्ड टाका," मी म्हटलं. "चाल नको. नुसतं, कसे आहात, एवढंच."

त्यांनी कार्ड घेतलं, पेन उघडलं आणि तसेच बसून राहिले.

"इतकी वर्षं आम्ही नुसते आकडेच लिहिले," ते म्हणाले. "त्याला कुठली भाषा येते, तेच मला माहीत नाही."